नळाच्या पाइपची दाबचाचणी: प्लास्टिक आणि धातूची लाइन कशी तपासायची

भिंतीत खोदलेल्या झिरीत पाइप बसले, जोड झाले, मेन व्हॉल्व्ह उघडला, नळाला धार आली. बहुतेक नवखे इथेच समाधान मानतात आणि भिंत बुजवायला घेतात. पण धार आली म्हणजे पाइप कुठे तुंबलेला नाही, एवढंच कळलं. जोड गळतोय का, हे तेवढ्यावरून कळत नाही. एखाद्या सॉकेटला सोल्युशन, म्हणजे प्लास्टिकचा पाइप चिकटवायचा द्रव, लावायचं राहून गेलेलं असतं, एखादा थ्रेड जेमतेम दोन आटे बसलेला असतो. रोजच्या दाबावर असा जोड महिनोन्‌महिने तग धरतो आणि फरशी बसल्यावर पाझरायला लागतो. म्हणून भिंत उघडी असतानाच लाइनला नेहमीपेक्षा जास्त दाब द्यायचा, तो ठरावीक वेळ धरून ठेवायचा आणि काय होतं ते पाहायचं. यालाच प्रेशर टेस्टिंग किंवा दाबचाचणी म्हणतात.

पंप मारणं अवघड नाही. गेज वाचणं अवघड आहे. काटा गळती दाखवत नाही, तो फक्त दाब दाखवतो. दाब उतरतो तो गळतीमुळे, आत राहिलेल्या हवेमुळे, तापमान बदलल्यामुळे किंवा पाइप ताणल्यामुळे. उलट थेंब गळत असूनही काटा बराच वेळ जागेवर राहू शकतो. धातूच्या आणि प्लास्टिकच्या पाइपची चाचणी वेगळ्या पद्धतीने का करतात, याचं उत्तर यातच आहे.

दाब किती द्यायचा

आधी एककं. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल, म्हणजेच सुमारे १४.५ पीएसआय. कामावर ‘किलो’ म्हणतात तो किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. १ किलो म्हणजे ०.९८ बार, त्यामुळे रोजच्या कामात दोन्ही सारखे धरले तरी चालतात. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब जवळपास १ बार भरतो. टाकी नळापासून १० मीटर उंच असेल, तर नळ बंद असताना तिथे साधारण १ बार मिळतो.

चाचणीचा दाब बहुतेक ठिकाणी कमाल कामकाजी दाबाच्या दीडपट धरतात. लाइन ६ बारवर चालणार असेल तर चाचणी ९ बारवर. युरोपीय मानक ईएन ८०६-४ मात्र कमाल डिझाइन दाबाच्या १.१ पट घ्यायला सांगतं. यात गोंधळू नका. डिझाइन दाबात पाण्याचे अचानक बसणारे झटके आधीच धरलेले असतात. आपल्या कामाला लागू असलेला नियम आणि पाइप बनवणाऱ्या कंपनीचं पत्रक, दोन्ही पाहायचं. दोन्हीत फरक असेल तर कोणता नियम पाळतोय ते आधीच ठरवून लिहून ठेवायचं.

एक मर्यादा मात्र कधीच ओलांडायची नाही. चाचणीच्या वाटेतली सगळ्यात कमजोर वस्तू जेवढा दाब सोसते, तेवढाच दाब द्यायचा. हात पंपाने ५० बारसुद्धा सहज चढतो, त्यामुळे पंपाची ताकद हा निकष नाही. पाइपवर छापलेला दाबही २० ते २३ अंशांच्या आसपासचा असतो. एसडीआर ११ चा (म्हणजे बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट) सीपीव्हीसी पाइप, म्हणजे गरम पाण्यालाही चालणारा पीव्हीसीचा प्रकार, २३ अंश सेल्सिअसला सुमारे २७ बार सोसतो, पण ८२ अंशांना तोच पाइप ७ बारच्याही आत येतो. म्हणून प्लास्टिकची लाइन कोवळ्या उन्हात किंवा सावलीत, थंड पाण्याने तपासावी. तळपत्या गच्चीवर भर दुपारी नको.

पाणी वापरायचं, हवा नाही

कॉम्प्रेसर हाताशी असला की पाणी भरायचा कंटाळा येतो. प्लास्टिकच्या पाइपवर हा मोह धोक्याचा आहे. पाणी जवळजवळ दबतच नाही. १० बार दाबाला १०० लिटर पाणी जेमतेम ४५ मिलिलिटरने आक्रसतं. जोड सुटला तरी पाण्याची एक चिळकांडी उडते आणि दाब तिथेच संपतो. हवा मात्र दबून दबून ऊर्जा साठवून ठेवते. जोड सुटला की ती एकदम फुटून बाहेर पडते. पीव्हीसी आणि सीपीव्हीसीसारखं कडक प्लास्टिक अशा वेळी तुकडे होऊन गोळीसारखं उडतं. त्यामुळे या पाइपांचे उत्पादक हवेच्या चाचणीला साफ मनाई करतात. गोठवणाऱ्या थंडीत धातूच्या लाइनला काही जण हवेची चाचणी करतात, पण ते वेगळ्या नियमांनी, अगदी कमी दाबापासून सुरू करून आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

चाचणीसाठी पिण्याचं पाणीच भरा. बांधकामाच्या पिंपातलं गढूळ पाणी भरलं तर वाळूचा कण व्हॉल्व्हच्या सीटवर बसतो आणि पुढे तो व्हॉल्व्ह कधीच पूर्ण बंद होत नाही.

लागणारं सामान

टाकीवाला हात पंप, त्याची होज, एंड प्लग, टेफ्लॉन टेप, एक-दोन चांगले बॉल व्हॉल्व्ह, कोरडा कपडा, टिश्यू पेपर, वही आणि घड्याळ. एवढ्यात काम होतं.

गेजबद्दल मात्र चोखंदळ राहा. पंपाबरोबर येतं ते गेज बऱ्याचदा ६० बारचं असतं आणि त्यावरची एक रेघ म्हणजे १ किंवा २ बार. ९ बारची चाचणी त्यावर काटा जेमतेम हललेला असतानाच संपते. चाचणीचा दाब गेजच्या पट्टीच्या मधल्या भागात यायला हवा. ९ बारसाठी १६ बारचं गेज चांगलं. प्लास्टिकच्या लाइनला ०.१ बारचा फरक दिसणारं गेज लागतं, कारण तिथे पास-नापास ०.२ बारवर ठरतं. गेज पडलेलं असेल, काटा शून्यावर येत नसेल, तर ते बाजूला ठेवा.

गेज लाइनच्या सगळ्यात खालच्या बिंदूला लावायचं. १० मीटर वरच्या मजल्यावर गेज लावून ९ बार दाखवला, तर तळाशी १० बार असतो आणि तो तुमच्या लक्षातही येत नाही.

पंप आणि लाइन यांच्यामध्ये एक बॉल व्हॉल्व्ह हवा आणि गेज लाइनच्या बाजूला. दाब चढला की हा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि पंप सोडवून ठेवला तरी चालावं अशी रचना करायची. पंपाच्या आतला एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) बऱ्याचदा हलकासा सुटतो आणि त्याचा दोष बिचाऱ्या लाइनवर येतो.

लाइन चाचणीला तयार करणं

सोल्युशनचे जोड ताजे असतील तर थांबा. सीपीव्हीसी-यूपीव्हीसीच्या सोल्युशनला किती वेळ लागतो हे पाइपच्या व्यासावर, तापमानावर आणि हवेतल्या ओलाव्यावर ठरतं. डब्यावर तक्ता छापलेला असतो. तो बघायचा नसेल तर निदान २४ तास द्या. मोठा व्यास किंवा थंड, दमट हवा असेल तर त्याहून जास्त. पीपीआरचे (पॉलिप्रॉपिलीनचा पाइप) वितळवून केलेले जोड पूर्ण गार व्हायला हवेत. पितळी, तांब्याच्या किंवा जीआयच्या (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या) थ्रेडला वाट पाहावी लागत नाही. सोल्डर गार झालं की झालं.

मग लाइनवरच्या नाजूक वस्तू काढा. गीझर, प्रेशर पंप, पाण्याचा मीटर, प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह, सेफ्टी व्हॉल्व्ह, शॉवरचा डायव्हर्टर, वेणीचे लवचिक होज, नळ. यातल्या प्रत्येकाच्या जागी एंड प्लग बसवायचा. सेफ्टी व्हॉल्व्ह तसाच ठेवला तर तो चाचणीच्या मध्येच उघडेल, आणि तुम्ही तासभर गळती शोधत बसाल. गरम आणि थंड पाण्याच्या लाइन एकत्र तपासायच्या असतील तर मिक्सरच्या दोन टोकांना होजने जोडून घेतात. सोयीचं आहे, पण गळती सापडली की दोन्ही लाइन वेगळ्या कराव्याच लागतात.

बंद व्हॉल्व्हच्या भरवशावर लाइनचा शेवट मानू नका. नवीन व्हॉल्व्हसुद्धा बंद असताना थोडं पाणी पुढे सोडू शकतो. जिथे चाचणी संपवायची तिथे प्लग लावा. मधले सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे हवेत, नाहीतर त्यांच्या पलीकडची लाइन तपासलीच जात नाही. लाइनमध्ये एनआरव्ही असेल तर त्याच्या बाणाच्या दिशेनेच पाणी भरा. उलट बाजूने दाब दिला तर पलीकडे शून्य, अलीकडे ९ बार, आणि गेज एकदम समाधानी.

पाइप क्लॅम्पने पक्के धरलेले असावेत. दाब चढताना टोकाचा प्लग पाइपला मागे ढकलतो आणि मोकळ्या पाइपचा एल्बो हलू शकतो. जोड मात्र उघडे ठेवा, त्यावर सिमेंट किंवा इन्सुलेशन नको.

पाणी भरणं आणि हवा काढणं

चाचणी फसते ती बहुतेक इथे. पाणी खालून, सावकाश भरायचं आणि सगळ्यात वरचं टोक उघडं ठेवायचं. नळ पूर्ण सोडून धबाधबा भरलं की हवा पाण्याच्या मागे अडकते. वरच्या टोकातून आधी नुसती हवा, मग फसफसणारं पाणी, मग सलग धार येते. सलग धार आल्यावरही थोडा वेळ वाहू द्या. प्रत्येक मजल्यावरचं, प्रत्येक न्हाणीघरातलं वरचं टोक असंच एकेक करून मोकळं करा. लाइन छतावरून वळसा घेऊन खाली येत असेल तर त्या वळशाच्या माथ्यावर हवा हमखास राहते. तिथे एअर व्हेंट नसेल तर खालच्या टोकाने जोरात पाणी सोडून ती हवा ओढून काढावी लागते.

हवा राहिली तर काय होतं, ते आकड्यांत बघू. आतून २० मिमी व्यासाचा ९५ मीटर धातूचा पाइप घ्या. त्यात साधारण ३० लिटर पाणी बसतं. हवा अजिबात नसेल तर ही लाइन शून्यापासून १० बारवर न्यायला फक्त पंधरा-वीस मिलिलिटर जास्तीचं पाणी पुरतं. आता एका जोडातून दर १० सेकंदांना एक थेंब पडतोय असं धरा. एक मिलिलिटरचे वीस थेंब धरले तर तासाला १८ मिलिलिटर गेले. म्हणजे तासाभरात काटा जवळजवळ शून्यावर. इतकी बारीक गळती आणि इतका स्वच्छ निकाल.

आता त्याच लाइनमध्ये सुरुवातीला फक्त एक लिटर हवा अडकलेली आहे असं समजा. १० बारला ती दबून ९० मिलिलिटरच्या आसपास येते. थेंब तसाच गळतोय, पण जेवढं पाणी बाहेर जातं तेवढी जागा ही हवा फुगून भरून काढते. तासाभराने काटा दोन बारसुद्धा उतरलेला नसतो. एक लिटर हवेने गळती झाकली. वर नवखा माणूस म्हणतो, ‘थोडं उतरलंय, पण ठीक आहे.’

हवा आहे की नाही हे ओळखायला पंपाचा दांडाच पुरेसा आहे. धातूच्या, पाण्याने गच्च भरलेल्या लाइनला दोन-चार हिसक्यांत काटा उडी मारतो आणि दांडा हाताला एकदम जड लागतो. हवा असेल तर दांडा गुबगुबीत लागतो, काटा रेंगाळत चढतो आणि मारत बसावं लागतं. आणखी एक खूण: दाब चढवल्यावर वरचा प्लग किंवा व्हेंट किंचित ढिला करा. हवा नसेल तर चार थेंब पडतात आणि काटा कोसळतो. हवा असेल तर फुरफुर करत पाणी येतच राहतं. प्लास्टिकच्या लाइनमध्ये पाइप स्वतःच फुगत असल्याने दांडा जरा मऊच लागतो. तिथे दुसऱ्या खुणेतल्या फुरफुरीवर जास्त विश्वास ठेवा.

पाणी भरून झाल्यावर लगेच चाचणी सुरू करू नका. निदान अर्धा तास लाइन तशीच ठेवा, म्हणजे पाणी आणि पाइप एका तापमानाला येतील. हवा नसलेल्या धातूच्या लाइनमध्ये पाण्याचं तापमान एका अंशाने जरी हललं तरी दाब दोन-तीन बारने हलतो. पाणी तापताना पाइपपेक्षा जास्त फुगतं आणि त्याला जायला जागा नसते. सकाळी दहाला बरोबर ९ बार लावलेली लाइन ऊन चढल्यावर ११ दाखवू लागली तर चमत्कार झालेला नसतो. संध्याकाळी उतरली तर गळतेच असंही नाही. पीपीआरच्या लाइनला पाइप आणि पाणी यांच्यात १० अंशांचा फरक असेल तर ०.५ ते १ बारचा फरक पडू शकतो.

आधी कमी दाब

थेट ९ बारवर जायची घाई नको. आधी १-२ बार लावा, व्हॉल्व्ह बंद करा आणि सगळ्या लाइनवरून हात फिरवत एक फेरी मारा. लावायचा राहिलेला प्लग, न घट्ट केलेलं युनियन, विसरलेला जोड इथेच सापडतो आणि फार तर फरशी ओली होते.

याला आणखी एक कारण आहे. ओ-रिंगचे (रबरी कड्याचे) जोड, म्हणजे पुश-फिट (पाइप नुसता आत ढकलायचा) आणि प्रेस फिटिंग (हत्याराने बाहेरून दाबून बसवायचं), कधीकधी कमी दाबाला गळतात आणि जास्त दाबाला धरतात, कारण दाबानेच रिंग जागेवर घट्ट बसते. प्रेस फिटिंगच्या बऱ्याच प्रकारांत तर मुद्दाम अशी सोय असते की दाबायचा राहिलेला जोड कमी दाबावर गळावा. थेट वरच्या दाबावर गेलात तर ही सोय वाया गेली.

धातूची लाइन: जीआय, तांबं, स्टेनलेस

तापमान स्थिर झालं की सावकाश चाचणीच्या दाबापर्यंत चढवा, पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करा, वेळ आणि दाब लिहा. ईएन ८०६-४ मध्ये इथे १० मिनिटं दाब न उतरता राहिला की चालतं. जुन्या ब्रिटिश पद्धतीत एक तास धरत. माझं मत विचाराल तर तासच धरावा. तेवढ्यात सगळे जोड डोळ्यांनी तपासून होतात आणि थेंबाथेंबाची गळतीही उघडी पडते.

धातूला इथे सूट नाही. हवा काढलेली आहे, तापमान स्थिर आहे, तरी काटा उतरला, तर गळती आहे. ‘थोडंसंच उतरलं’ हे इथे चालत नाही.

तांब्याच्या लाइनमध्ये एक गोम असते. सोल्डर लावायचं राहून गेलेल्या जोडात नुसता फ्लक्स (सोल्डरच्या आधी लावायची पेस्ट) सुकून बसतो आणि चाचणीचा दाबही धरू शकतो. पुढे गरम पाणी फिरलं की तो धुतला जातो आणि जोड गळू लागतो. म्हणून प्रत्येक जोडाभोवती सोल्डरची चकचकीत कड पूर्ण गोल दिसते का, हे गेजकडे न बघता, आरसा आणि टॉर्च घेऊन बघायचं. सीपीव्हीसीतही तसंच. पाइप सॉकेटमध्ये घट्ट बसत असल्याने सोल्युशन नसलेला जोडही काही काळ टिकतो. जोडाच्या तोंडाशी सोल्युशनची बारीक कड दिसत नसेल तर त्या जोडावर संशय घ्या.

प्लास्टिकची लाइन: सीपीव्हीसी, पीपीआर, पेक्स, एचडीपीई

प्लास्टिक दाबाखाली ताणतं, आणि एकदम नाही, हळूहळू. नव्या नायलॉनच्या दोरीला ओझं टांगलं की ती आधी पटकन आणि मग तासन्‌तास थोडी थोडी लांबत राहते, तसंच. पाइप फुगला की आतली जागा वाढते आणि दाब उतरतो, एक थेंबही न गळता. मघाच्याच ३० लिटरच्या लाइनला, सीपीव्हीसीचा जाड पाइप असेल तर १० बार चढवायला शंभर मिलिलिटरच्या वर पाणी लागतं. पेक्समध्ये, म्हणजे पॉलिथिनच्या लवचिक पाइपमध्ये, त्याच्याही काही पट. म्हणजे तीच थेंबाची गळती इथे काट्यावर अगदी बारीक दिसते आणि ताणामुळे होणारी उतरण मोठी दिसते. धातूचा नियम इथे लावला तर चांगली लाइन नापास होईल.

यावर दोन रूढ पद्धती आहेत.

पहिलीत चाचणीचा दाब चढवायचा आणि ३० मिनिटं तो टिकवून ठेवायचा, उतरेल तसा पंप मारून पुन्हा वर आणायचा. या अर्ध्या तासात पाइपचा बराचसा ताण निघून जातो. मग पाणी झटकन सोडून दाब कामकाजी दाबाच्या निम्म्यावर आणायचा, म्हणजे ९ बारच्या चाचणीत ३ बारवर, आणि व्हॉल्व्ह बंद करून ९० मिनिटं बघायचं. ताणलेला पाइप आता थोडा आक्रसू लागतो, त्यामुळे चांगल्या लाइनमध्ये काटा जागेवर राहतो किंवा किंचित वर चढतो. गळती असेल तर चढलेला काटा पुन्हा खाली वळतो. मला ही पद्धत जास्त आवडते, कारण निकाल दिशेवर ठरतो. इतका उतरला तर चालतो की नाही, असा वाद राहत नाही.

दुसरी पद्धत पीपीआरवाले जास्त वापरतात. तिची वहीतली नोंद कशी दिसते ते पाहा. कामकाजी दाब ६ बार, चाचणी ९ बारवर, आकडे उदाहरणादाखल:

१०:०० – ९.० बार
१०:१० – ७.९, पंप मारून ९.०
१०:२० – ८.५, पंप मारून ९.०
१०:३० – ८.७, पंप मारून ९.०, व्हॉल्व्ह बंद
११:०० – ८.६
१३:०० – ८.४५

साडेदहा ते अकरा या अर्ध्या तासात ०.६ बारपेक्षा कमी उतरायला हवं. इथे ०.४ उतरलं, पुढे जाऊ शकतो. त्यानंतरच्या दोन तासांत ०.२ बारपेक्षा कमी उतरायला हवं. इथे ०.१५ उतरलं, लाइन पास. यातली खरी गोष्ट शेवटच्या आकड्यापेक्षा उतरणीच्या चालीत आहे. १.१, ०.५, ०.३ अशी उतरण मंदावत गेली. ताणाची उतरण अशीच थकत जाते. गळतीची उतरण थकत नाही. दर दहा मिनिटांना जवळपास सारखंच उतरत राहिलं तर नियमातली ०.६ ची सूट विसरा आणि कोरडा कपडा घेऊन निघा.

अर्धी लाइन धातूची आणि अर्धी प्लास्टिकची असेल तर दोन्ही भाग वेगळे तपासणं सगळ्यात सोपं. जमत नसेल तर पूर्ण लाइनला प्लास्टिकची पद्धत लावा.

दाब असताना जोडाच्या किंवा प्लगच्या तोंडासमोर उभं राहू नका. आणि दाबाखाली कुठलाही जोड पान्याने आवळू नका. प्लास्टिकमध्ये बसवलेला पितळी थ्रेड अशा वेळी भेगाळतो आणि मग गळती थांबण्याऐवजी वाढते.

काटा उतरतोय आणि गळती दिसत नाही

आधी स्वतःच्या सामानावर संशय घ्या. गेजचा थ्रेड, होजची टोकं, एंड प्लग, पंपाजवळचा व्हॉल्व्ह. हे पुसून कोरडे करा आणि प्रत्येकाभोवती टिश्यूचा एक वेढा गुंडाळा. ओलावा टिश्यूवर लगेच डाग पाडतो, नुसत्या डोळ्यांना तो पितळेवर दिसतही नाही. मग थ्रेडचे जोड, मग धातू-प्लास्टिकच्या सांध्याचे जोड आणि शेवटी सोल्युशनचे किंवा वितळवलेले जोड, या क्रमाने जा.

थंड पाणी भरलेल्या धातूच्या पाइपला दमट हवेत घाम सुटतो, तो गळतीसारखाच दिसतो. पुसून दोन मिनिटं बघा. घाम लांबीभर पसरून येतो, गळती एकाच ठिकाणाहून सुरू होते आणि खाली ओघळ करते.

तरीही सापडत नसेल तर लाइन मधोमध तोडून दोन्ही भाग वेगळे तपासा, जो उतरतो त्याचे पुन्हा दोन भाग करा. साबणाचं पाणी किंवा गळती शोधायचा स्प्रे प्लास्टिकवर मारायच्या आधी तो त्या पाइपला चालतो का, हे कंपनीच्या पत्रकात पाहा. काही रसायनांनी सीपीव्हीसीला बारीक तडे जातात. थ्रेडला लावायच्या तेलकट पेस्टचंही तसंच, साधा टेफ्लॉन टेप बरा.

दुरुस्ती

दाब पूर्ण सोडा, गेज शून्यावर येऊ द्या, पाणी काढा. सीपीव्हीसीच्या गळत्या जोडावर बाहेरून सोल्युशन चोपडून काही होत नाही. तो जोड कापून नवीन फिटिंग आणि दोन सॉकेट घालावे लागतात. पीपीआरही कापूनच. तांब्यात पाणी शिल्लक असेल तर त्याची वाफ होत राहते आणि सोल्डर वितळत नाही, म्हणून आधी पाइप कोरडा करा. थ्रेड पूर्ण उघडा, जुना टेप काढा, नवा गुंडाळा. त्याच टेपवर आणखी एक फेरा आवळून वेळ मारून नेऊ नका.

नव्या जोडाला पुन्हा सुकायचा पूर्ण वेळ द्यायचा आणि चाचणी पहिल्यापासून करायची. जिथे थांबलात तिथून नाही, कारण दाब सोडताना आणि कापाकापीत शेजारचे जोडही हललेले असतात.

चाचणी पास झाल्यावर

दाब सावकाश सोडा. नोंदवहीत तारीख, लाइनचा कुठला भाग, पाइपचा प्रकार, चाचणीचा दाब, सुरुवातीचे आणि शेवटचे आकडे, वेळ आणि हजर असलेल्याची सही. गेजचे फोटो काढताना घड्याळही चौकटीत येऊ द्या. पुढे कधी भिंत ओली झाली तर पाइप आधीपासून गळत होता की नंतर कुणी खिळा ठोकला, हे यावरूनच ठरतं.

खिळ्यावरून आठवलं. प्लास्टर आणि फरशीचं काम चालू असताना लाइनमध्ये नेहमीचा कामकाजी दाब आणि गेज तसंच ठेवायची सोय असेल तर जरूर ठेवा. ड्रिल पाइपला लागलं की काटा त्याच क्षणी पडतो आणि जागा ओली असतानाच कळतं. गोठण्याइतकी थंडी पडणार असेल तर मात्र पाणी पूर्ण काढून टाका.

लाइन बरेच दिवस वापरात येणार नसेल तर धातूच्या पाइपमध्ये अर्धवट पाणी ठेवू नका. पाणी आणि हवा जिथे मिळतात त्या रेषेवर गंज धरतो. एकतर पूर्ण भरून अधूनमधून पाणी बदलत राहा, नाहीतर पूर्ण रिकामी करा. भरून ठेवलेलं शिळं पाणी पिण्याच्या लाइनला घातक, त्यामुळे वापर सुरू करायच्या आधी सगळे नळ उघडून लाइन धुऊन काढा.

दाबचाचणीने लाइन तुंबली आहे का हे कळत नाही. पीपीआरचा जोड जास्त वेळ तापवला तर वितळलेल्या प्लास्टिकची कड आत सरकते आणि भोक अर्धं बुजतं. असा जोड दाब उत्तम धरतो, फक्त शॉवरला धार येत नाही. त्यामुळे धुताना प्रत्येक टोकाला बादली लावून ती किती वेळात भरते तेही बघा. एखादं टोक शेजारच्यापेक्षा फारच मंद असेल तर झिरी उघडी असतानाच तिथला जोड कापून पाहा.

सांडपाण्याच्या पाइपला ही पद्धत लावू नका. ते दाबाचे पाइप नाहीत, त्यांना बार-किलोची चाचणी दिली तर जोड उखडतील. त्यांच्यासाठी पाणी भरून किंवा अगदी हलक्या हवेने, काही ठिकाणी फक्त ३८ मिमी पाण्याच्या उंचीइतक्या दाबाने ३ मिनिटं, अशी वेगळी चाचणी असते.

गीझर, मिक्सर, नळ आणि वेणीचे होज बसवल्यावर नेहमीच्या दाबावर आणखी एकदा बघणं राहतं, कारण हे जोड मघाच्या चाचणीत नव्हतेच. गरम पाणी फिरवा, लाइन गार होऊ द्या, पुन्हा फिरवा आणि प्रत्येक जोडाला टिश्यू लावून पाहा. मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून त्याचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी कुणी पाणी वापरायच्या आत पुन्हा वाचा.